यादीतलं शेवटचं नाव

कोर्बे, रविवार, ८ ऑक्टोबर १९८९

प्रिय विर्वेताई,

तू आणि मुलं सुखरूप असाल असं धरून चालते. नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकींना काही लिहीत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात माझं पाकीट बघून 'आता कोण गेलं?' असंच तुझ्या मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत.

बटाटे काढून झाले. निम्मे पावसानं कुजले. सफरचंदं मात्र इतकी लागली की बरण्या संपल्या, शेवटी दुधाच्या कॅनमध्ये रस भरून ठेवला. लायब्ररीतून मी वसंतात निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी पुस्तकांपेक्षा स्वतःच्या नखांची काळजी जास्त घेते. गुडघा दुखतो. शनिवारी सौना तापवते. एकटीसाठी एवढी लाकडं जाळायची म्हणजे चैनच, पण सोडवत नाही.

आता कामाचं. बाबांचा जुना पासपोर्ट, रशियन यायच्या आधीचा, आपल्या तीन सिंहांच्या शिक्क्याचा, तुझ्याकडेच आहे ना? त्याचा नंबर मला कळव.

कशाला, ते सांगते. तुमच्या पार्नूतही हे चालू असेलच. चाळीसच्या जूनमध्ये रशियन आले, त्याच्या आधी जे आपल्या प्रजासत्ताकाचे नागरिक होते ते, आणि त्यांची मुलं-नातवंडं, अशा सगळ्यांची नावं नोंदवून घ्यायची आहेत. पुरेशी नावं झाली की फेब्रुवारीत त्यांनीच आपली सभा निवडायची. मॉस्कोनं नेमलेली नव्हे, आपली. देश मेला नव्हता, फक्त दुसऱ्याच्या टाचेखाली होता, एवढंच जगाला दाखवायचंय.

आमच्याकडे हे काम जनावरांचा डॉक्टर हेल्दुर बघतो. पस्तिशीचा आहे, बाहेरगावचा. मला म्हणाला, "माइमूबाई, तीस वर्षं तुम्ही घरोघर पुस्तकं पोचवलीत. तुम्हाला लोक दार उघडतील. मला बघितलं की वाटतं, गायीला सुई टोचायला आला." मी नाही म्हणायला हवं होतं. पण ऑगस्टात विल्यान्दीच्या रस्त्यावर, स्वातंत्र्यासाठीच्या त्या मानवी साखळीत, लाखो लोकांबरोबर हातात हात धरून उभी राहिले होते, ते अजून अंगातून उतरलं नव्हतं. हो म्हणून बसले.

दार उघडतात, हे खरं. कॉफी देतात, राईच्या पावाला लोणी लावून देतात. आणि मी वही काढली की खिडकीकडे बघायला लागतात.

ओस्करकाका म्हणाले, "पुन्हा यादी?"

"ही वेगळी आहे, काका."

"वेगळीच असते. एकेचाळीसला सैबेरियाला नेलं ती वेगळी होती, एकोणपन्नासची वेगळी होती. ही कुठं जाणार?"

"वोरूला. तिथून राजधानीत, ताल्लिनला."

"आणि तिथून?" म्हातारा हसला. "तिथून पुढं गाडी कुठं जाते ते मला ठाऊक आहे. बरं, लिही. पण पेन्सिलीनं लिही पोरी, खोडता येईल असं."

मी पेन्सिलीनं लिहिलं. तीन आठवड्यांत एकसष्ट नावं झाली, आणि त्यातली वीस पेन्सिलीची आहेत.

मी त्यांना दोष देत नाही. माझ्याच मनात पाल चुकचुकते. हेल्दुर दर गुरुवारी माझ्याकडून भरलेली वही घेऊन जातो. गेल्या गुरुवारी दुधाच्या डेअरीपाशी तो एका करड्या व्होल्गा मोटारीतून उतरला. जनावरांच्या डॉक्टरला सरकारी साहेबांच्या व्होल्गातून कोण सोडतं? मी विचारलं तर म्हणाला, "ओळखीचा होता." त्याचे कान लाल झाले होते.

या पाकिटाला मी गोंद फक्त टोकाला लावला आहे, कडांना नाही. कडाही चिकटलेल्या आढळल्या तर मधे कोणीतरी उघडलं असं समज, आणि कळव.

आणि तुझं नाव? नोंदवायचं का? तुझा जन्म इथला, इथे लिहिता येईल.

माइमू

~

कोर्बे, रविवार, १२ नोव्हेंबर १९८९

प्रिय विर्वेताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. पासपोर्टचा नंबर, 'माझं नाव घालू नकोस', आणि 'यादी तू लिहितेस? तू?'

पाकिटाच्या कडांबद्दल काही लिहिलं नाहीस.

हा दुसऱ्यांदा लिहिलेला 'तू' मी चार दिवस घेऊन बसले आहे. तुझ्या आर्नोल्डच्या अंत्यविधीला मी एवढ्या लांबून आले, तेव्हाही तू माझ्याकडे अशीच बघत होतीस. सात वर्षं झाली त्याला. तेव्हा मला वाटलं, दुःखानं तोंड फिरवलं असेल. मग बसमध्ये आठवलं, की तू तर त्याच्याही आधीपासून, मी आले की चहाचं भांडं ठेवायला उठायचीस आणि मी निघेपर्यंत स्वयंपाकघरातच राहायचीस.

असो. बर्फ पडलं, वितळलं, चिखल झाला. बर्लिनची भिंत लोकांनी फोडली, रेडिओवर ऐकलंस ना? ओस्करकाका दारात येऊन सांगून गेले, "माझं नाव शाईनं कर." पण बाकीचे अजून खिडकीकडेच बघतात. सत्तरावर मी अडकले आहे.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. सांगू की नको असं झालंय. मी एन्डलाकडे गेले होते.

एन्डला कांग्रो. तुमच्या इथल्या जुन्या शेताच्या अलीकडची, दलदलीच्या कडेची. एकोणपन्नासला, तेराव्या वर्षी तिला आई आणि आजीबरोबर सैबेरियाला नेलं, आणि सत्तावन साली ती एकटी परत आली, हे तुला माहीतच आहे. सामुदायिक गोठ्यात दूध काढायची, आता पेन्शनीवर आहे. तीस वर्षांत ती एकदाही लायब्ररीत आली नाही. मी पुस्तकांच्या पिशव्या घेऊन प्रत्येक दारी गेले, तिच्या दारी गेले नाही. का, ते कोणी विचारलंही नाही.

हेल्दुर म्हणाला, "एन्डलाबाईंनी नाव दिलं तर निम्मं गाव देईल. सैबेरियाहून आलेली बाई घाबरत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला घाबरायचं?" तेव्हा जावं लागलं.

तिनं दार उघडलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बुटकी आहे, की मीच तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. आत ये म्हणाली. बसायला स्टूल दिलं. मी हेल्दुरचं भाषण म्हणून दाखवलं, प्रजासत्ताक, नागरिक, फेब्रुवारी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "वही बघू."

मी दिली. तिनं चष्मा लावला आणि सावकाश एकेक पान उलटत गेली. नावं वाचत नव्हती ताई, अक्षरं बघत होती. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"हा 'के' तूच काढलायस?"

"सगळं मीच लिहिलंय."

"खालचा पाय असा शेपटीसारखा वळवतेस. शाळेत बाईंनी शिकवला तसा नाही हा. हा तुझा."

"असेल."

"आम्हाला न्यायला आले, तेव्हा त्यांनी कागद टेबलावर ठेवला होता. आईची सही घ्यायला. वरची सगळी नावं टाइप केलेली होती. सगळ्यात खाली आमचं तेवढं हातानं लिहिलेलं. शाई ओली होती, आईच्या बाहीला लागली." तिनं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "मी तेरा वर्षांची होते. त्या 'के'कडे बघत बसले होते, म्हणजे त्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागू नये. कॉफी घेणार का?"

मी घेतली नाही. नाव तिनं दिलं नाही.

चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी एक अक्षर कोणाला आठवतं का? तिला भास झाला असेल. 'के'ला शेपूट काढणाऱ्या गावात दहा जणी निघतील. तूच सांग, नाही निघणार?

हे सगळं तुला का लिहिते आहे कळत नाही. डॉक्टरनं गुडघ्यात इंजेक्शन दिलं आहे. माणसांच्या डॉक्टरनं.

माइमू

~

कोर्बे, रविवार, १० डिसेंबर १९८९

ताई,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. शेजारीण मुलीकडे पार्नूला निघाली आहे, तिच्या हाती देते. तिला वाचता येऊ नये म्हणून पाकिटाला लाख लावली आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. ती भली बाई आहे. मीच तशी झाले आहे.

आधी हेल्दुरचं सांगते, म्हणजे कळेल कशी झाले आहे.

गेल्या गुरुवारी दातांचं निमित्त काढून मी त्याच्या मागोमाग वोरूला गेले. बसमधून उतरल्यावर लांबून त्याला बघत राहिले. तो माझ्या वह्या काखेत मारून एका पिवळ्या लाकडी घरात शिरला. दारात तीच करडी व्होल्गा. म्हटलं, सापडलास! खिडकीखाली जाऊन उभी राहिले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि कुंपणाला धरून चवड्यांवर उभी. तेवढ्यात दार उघडून एक म्हातारी म्हणाली, "आत या बाई, बाहेर गारठाल."

ती निवृत्त औषधवाली. व्होल्गा तिच्या जावयाची, आणि जावई कुठल्याशा सरकारी खात्यात, त्यानं आपलं नाव कुठं येऊ नये म्हणून सांगितलेलं. त्याच्यापायी ते लाल कान. आत टेबलावर माझी वही उघडी, शेजारी दुसरी कोरी, आणि म्हातारी माझं एकेक नाव उतरवून घेत होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

हेल्दुरनं आधी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "खरं सांगू, माइमूबाई? माझा तुमच्यावर भरवसा नव्हता. लोक म्हणाले, एकोणपन्नास साली तुम्ही ग्रामकचेरीत कारकून होतात. म्हटलं, तुमची वही कधी 'हरवली' तर दुसरी असलेली बरी."

"मग काम मला कशाला दिलंत?"

"दुसरं कोणी तयार नव्हतं."

म्हातारी हसली, मीही हसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात होतं. मी त्याच्यावर पाळत ठेवून होते, तो माझ्यावर. फरक एवढाच, की त्याचा संशय खरा होता.

आता ऐक. मी हे एकदाच लिहिणार आहे.

एकोणपन्नासच्या चोवीस मार्चला, गुरुवारी, दुपारी कचेरीत चार परकी माणसं आली. त्यांच्यातल्या मुख्य माणसानं मला एक नकाशा दिला आणि म्हणाला, आमच्या ड्रायव्हरना इथल्या वाटा ठाऊक नाहीत, या शेतांना कुठून वळायचं ते लिहून दे. बर्फात कुठली वाट ट्रकला चालेल, कुठं पूल कच्चा आहे. मी सतरा वर्षांची होते. लिहून दिलं. अकरा शेतं. सातवं तुमचं होतं.

मग मी तुमच्याकडे आले. अंधार पडायच्या आत पोचले, स्कीवर. तू पिठात हात घालून उभी होतीस. मी म्हटलं, "तीन-चार दिवस घरात राहू नका." आर्नोल्डनं विचारलं, "तुला कसं कळलं?" मी मफलर गुंडाळून दाराकडे वळले. तो म्हणाला, "यादी ज्याला आधी कळते, तो यादी लिहिणाऱ्यांच्यातच बसलेला असतो." तू त्याला गप्प केलंस, पण बाळाची दुलई गुंडाळताना माझ्याकडे बघितलं नाहीस. त्या दिवसापासून बघितलेलं नाहीस.

आर्नोल्डचं खरं होतं. पण त्याला निम्मंच माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे गेलेला ट्रक रिकामा परत आला. तो मुख्य माणूस ओरडला वगैरे नाही. स्टोव्हपाशी हात शेकत होता. म्हणाला, "गाडी रिकामी जात नसते." खिशातून दुसरा कागद काढला. राखीव नावं होती त्यावर, तीन कुटुंबं. ती त्यानं मला वाचून दाखवली आणि विचारलं, "यातलं घरी कोण सापडेल? मला पुन्हा रिकामी चक्कर नको."

त्यानं मला धमकावलं नाही, ताई. मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आले की धमकावलं. तो दमलेला होता आणि त्याला एक उत्तर हवं होतं. मी 'माहीत नाही' म्हणू शकले असते. म्हणाले असते तर कदाचित त्यानं तीन घरं पालथी घातली असती, कदाचित एखादं सुटलं असतं. आणि कदाचित त्यानं विचारलं असतं, पहिलं घर रिकामं कसं झालं, काल संध्याकाळी तू कुठे होतीस. हे मनात आलं. त्या क्षणी आलं, नंतर नाही.

मी म्हटलं, "कांग्रो."

कारण कांग्रोंची म्हातारी फेब्रुवारीत बर्फावर पडली होती, तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. ती हलू शकत नव्हती. आणि तिला टाकून एन्डला आणि तिची आई मिल्डा कुठं जाणार नव्हत्या. ते घरी असणारच. सगळ्या गावात तेवढं एक घर नक्की होतं.

तो म्हणाला, "लिही." मी टाइप केलेल्या नावांच्या खाली लिहिलं. लेना कांग्रो, ७९. मिल्डा कांग्रो, ३८. एन्डला कांग्रो, १३. अक्षर चांगलं आलं. मला आठवतं, कारण तो म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुझं."

मी तुझ्याकडे आभार मागत नाही. तुम्ही वाचलात, तुझी मुलं पार्नूत मोठी झाली, त्यातली दोन तर तेव्हा जन्मलीही नव्हती. पण ज्यांच्या जागी वाचलात त्यांची नावं तुला माहीत असायला हवीत असं वाटलं.

उद्या मी एन्डलाकडे जाणार आहे. तिला वाटतं मी फक्त लिहिलं. तिला हे माहीत नाही की मी निवडलं.

माइमू

~

कोर्बे, रविवार, २५ फेब्रुवारी १९९०

प्रिय विर्वेताई,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. या वेळी एकच ओळ: 'ट्रक कांग्रोंच्या वाटेला वळला, तो आम्ही गवताच्या कोठारातून बघितला होता.'

ती ओळ वाचल्यावर मी बराच वेळ अंगणात बर्फ लोटत होते. लोटण्यासारखं बर्फ नव्हतं. म्हणजे तुला माहीत होतं. ते चहाचं भांडं, स्वयंपाकघर, अंत्यविधी, ते सगळं मी माझ्यावरचा संशय समजत होते. तू मला पाहिलंस की तुला तो ट्रक दिसत असणार. आणि तो वळताना बघून कोठारात तुम्हाला काय वाटलं असेल, तेही. मी विचारणार नाही. मला माहीत आहे काय वाटतं. मलाही स्टोव्हपाशी तेच वाटलं होतं.

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं पुरं झालं नव्हतं. आता सांगते.

मी ठरल्याप्रमाणे एन्डलाकडे गेले. ती नाताळचे रक्ताचे सॉसेज करत होती, बार्लीचं सारण आतड्यांत भरून दोऱ्यानं गाठी मारत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर तिनं आणखी दोन गाठी मारल्या.

मग विचारलं, "तीन नावं होती म्हणालीस. आमचं कितवं?"

"दुसरं."

"बाकीची दोन कोणाची?"

मी म्हटलं, "नाही सांगणार."

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली. "मला नाही सांगणार? मला?"

"ते याच गावात राहतात, एन्डला. त्यांना काही माहीत नाही. तू त्यांच्याकडून दूध घेतेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता समोरचं पातेलं फेकून मारते की काय. शेवटी पुन्हा खाली बघून म्हणाली, "बरं केलंस. नको सांगूस."

क्षमेचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मीही मागितली नाही. मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिच्याकडून आणखी काही घ्यायची माझी हिंमत नव्हती.

हात धुऊन तिनं विचारलं, "वही आणलीयस?"

"आणलीय."

"ठेव इथं. पेनही ठेव. तू आता लिहायचं नाहीस. मी लिहीन."

बस, एवढंच. मी रिकाम्या हातांनी घरी आले.

आणि ताई, ती खरोखर फिरली. जानेवारीत, उणे वीस थंडीत, गमबुटांवरून लोकरीचे मोजे चढवून, दारोदार. ओस्करकाकांनी मला सांगितलं. ती आत येते, वही टेबलावर उघडते आणि म्हणते, "वाचून घ्या आधी, कोणाकोणाची आहेत. मग ठरवा." भाषण नाही, काही नाही. कोणी विचारलं, ही कुठं जाणार, तर सांगते, "एक वही वोरूला, एक माझ्या उशाखाली. कोणाला न्यायचं असेल तर आधी मला न्यावं लागेल, आणि मला वाट माहीत आहे." माझी सत्तर नावं होती. तिनं दोनशे चौदा केली. पेन्सिलीचं एकही नाही.

माझं नाव त्यात आहे की नाही, हे मी तिला विचारलं नाही. माझ्या वहीत मी स्वतःचं घातलंच नव्हतं. प्रत्येक वेळी वाटायचं, शेवटी घालू. हेल्दुरला विचारता आलं असतं. पण तोही आता माझ्याशी जपून बोलतो. तिनं त्याला काही सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. दुकानात पाव घेताना मागच्या दोघी बोलायच्या थांबल्या, की मी तेच मोजत बसते: यांना कळलं असेल का. कळलं तर कळो असं म्हणते, आणि पाव न घेताच घरी येते.

काल मतदान सुरू झालं, शाळेत. चोवीस फेब्रुवारी, प्रजासत्ताकाचा दिवस. शाळेवर निळा-काळा-पांढरा झेंडा, उघडपणे. मी सकाळी जाऊन फाटकापर्यंत आले आणि परत फिरले. दुपारी पुन्हा गेले. म्हटलं, नाव नसेल तर नसेल, पण ते तिच्या तोंडून ऐकावं.

टेबलामागे एन्डला बसली होती. छातीवर तिरंगी फीत, समोर यादी. माझ्यामागे पाच-सहा माणसं रांगेत.

"नाव?" तिनं विचारलं.

जसं काही तिनं मला कधी पाहिलंच नव्हतं.

"माइमू तेदेर."

"वडलांचं नाव?"

"रुडोल्फ."

"जन्म?"

"एकोणीसशे एकतीस. कोर्बे."

तिनं बोट ओळींवरून खाली नेलं. हळूहळू नेलं, ताई. मागे कोणीतरी खोकलं. मग तिनं पान माझ्याकडे फिरवलं. ओस्करकाकांच्या खाली होतं, तिच्या त्या बसक्या, जाड अक्षरात. केव्हा लिहिलं कोण जाणे.

"सही," ती म्हणाली.

मी सही केली, मतपत्रिका घेतली, पडद्याआड जाऊन खूण केली आणि पेटीत टाकली. निघाले तर तिनं हाक मारली. रांग संपली होती. तिनं थर्मासमधून कॉफी ओतली, एकच पेला, स्वतःसाठी.

म्हणाली, "आजी उराल पर्वताच्या अलीकडेच गेली. एका स्टेशनात उतरवून घेतली. पाटीवरचं नाव रशियन होतं, आम्हा दोघींनाही वाचता येईना. आईनं शेवटपर्यंत तेवढंच धरलं होतं, की स्टेशनाचं नाव कळायला हवं होतं. चार वर्षांनी ती गेली. हे तुला सांगितलं नव्हतं."

मी हातमोजे काढून पुन्हा घातले.

"विर्वे आहे ना अजून?" तिनं विचारलं.

"आहे. पार्नूला."

"तिचं नाव तिकडच्या यादीत आहे?"

"नाही. तिनं घालू नकोस म्हणून लिहिलं."

एन्डलानं कॉफी पिऊन संपवली आणि पेला उपडा करून झटकला. "एक तारखेपर्यंत मी इथं बसणार आहे, नऊ ते सहा. तिला म्हणावं, नोंदवायचं असेल तर इथं येऊन नोंदव. माझ्यासमोर."

"काय बोलणार आहेस तू तिला?"

"ते मला कुठं माहीत आहे? ती आल्यावर कळेल." मग फडकं उचलून म्हणाली, "तू जा आता. मला टेबल पुसायचंय."

हा निरोप आहे, ताई. शब्दन् शब्द तसाच पोचवते आहे, माझा एकही घातलेला नाही. तिच्या मनात काय आहे, याचा मी रात्रंदिवस विचार केला, आणि मला काही कळलेलं नाही. ती ओरडेल, रडेल, की नुसतं वडलांचं नाव विचारेल, काही सांगता येत नाही. तू ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही या वेळी मी म्हणणार नाही. एकदा तुला घर सोडून जा म्हटलं होतं, तेवढं सांगणं माझ्याकडून पुष्कळ झालं.

पार्नूहून सकाळी साडेसहाची बस आहे. विल्यान्दीला बदलावी लागते. आलीस तर माझ्या घरावरून यायची गरज नाही, शाळा थांब्याच्या समोरच आहे.

हे पाकीट मी कडेपासून कडेपर्यंत नीट चिकटवलं आहे. ज्याला वाचायचं असेल त्यानं वाचावं.

जिला बहीण म्हणायचं की नाही ते तूच ठरवावंस अशी,

माइमू रुडोल्फची तेदेर
जन्म कोर्बे, नागरिक